सॅकवरचा अभ्रा

४ मार्च

मामा,

पाया पडते, पण मनातल्या मनात. पाठीवर तुझी सॅक असते आणि वाकलं की मी तोंडावर पडते.

पोचले एकदाची. इथून पुढे डोंगर, आणि डोंगरात ते तळं, ज्याच्यासाठी मी बिनपगारी रजा टाकली, आईला ‘कंपनीचं ट्रेनिंग’ म्हणून थाप मारली आणि तुलाही त्या थापेत ओढलं. तळ्याचा रस्ता लढाईमुळे वर्षानुवर्षं बंद होता, आता उघडलाय. लढाई थांबली असं सरकार म्हणतं. थांबलेली नाही असं लॉजवाल्या बाई म्हणतात. त्या दोघांच्या मधे मी परवान्याची वाट बघत बसलेय.

परवान्याच्या कचेरीत खिडकी एक, कारकून एक आणि त्याचं वाक्यही एकच: उद्या या. मी उद्या जाते, तेव्हा तो पुन्हा उद्याच सांगतो. लॉजमध्ये एक जण भेटलाय, पाठीवर सॅक टाकून किती देश झाले ते मोजत फिरतो. मी त्याचं नाव ‘देशमोज्या’ ठेवलंय. तो म्हणतो, हेच तर खरं फिरणं. असेल बाबा. मला तर सध्या हे रेशनच्या रांगेसारखं वाटतंय, फक्त भाषा कळत नाही एवढाच फरक.

मोबाईलवर मला एक अक्षर पाठवू नकोस. इथे रस्त्यावरच्या चौक्यांवर सैनिक मोबाईल उघडून वाचतात. झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर आहे, त्यावरून असं पत्रच लिहीत जाईन. प्रत्येक चौकीला परवान्याची एक झेरॉक्स द्यावी लागते म्हणे, त्यामुळे दुकानदार माझ्यावर खूश आहे.

आणि घाबरू नकोस, पण माहीत असावं म्हणून सांगते. विमा कंपनीने कळवलंय की या देशात मला काहीही झालं तरी त्यांचा संबंध नाही. आपला दूतावास इथे नाहीच, शेजारच्या देशात आहे. म्हणजे माझ्यामागे आहेस तू आणि तुझं शिलाई मशीन.

तुझ्या सॅककडे सगळे वळून वळून बघतात हं.

भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेत, पण रागातले आहेत, जपून वापर.

‘घाबरू नकोस’ लिहून पुढे विमा नाही, दूतावास नाही असं लिहायचं, हे तुझ्या आजोबांच्या वळणावर गेलंय. तेही ‘काही झालेलं नाही’ म्हणत म्हणत प्लास्टर घातलेला पाय घेऊन घरी यायचे.

पत्र लिहितेस ते बरंय. मेसेजात माणूस चटकन खोटं बोलून जातो. पत्रात खोटं बोलायला जरा कष्ट पडतात. मला एका बोटाने टाइप करायला लागतं त्यामुळे मला तर खरंसुद्धा परवडत नाही, पण लिहीन.

इकडे तुझ्या थापेपायी माझा जीव टांगणीला लागलाय. काल ताई दुकानात आली. म्हणाली, “ट्रेनिंगमध्ये जेवायला काय देतात रे?” मी म्हटलं, “जेवण बरं आहे म्हणे.” झालं. “म्हणे म्हणजे? तुला फोन करते आणि आईला नाही?” मी मशीनचा पट्टा तुटल्याचं सोंग केलं आणि खाली वाकलो. ताई गेली तरी मी बराच वेळ खालीच होतो. माझ्या मोठ्या बहिणीशी मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो. भाचीने पन्नाशीत ती वेळ आणली.

सॅककडे सगळे बघतात म्हणतेस. बघणारच! ट्रकवाल्यांच्या ताडपत्रीच्या बाजारात तीन दुकानं पालथी घालून मेंदी रंगाचं ते कॅनव्हास आणलंय. तू निळं माग, निळं माग करत होतीस. निळं लगेच मळतं. सगळीकडे दुहेरी टाका आहे, पट्ट्याला तर तिहेरी. तू फाटशील, ती फाटणार नाही.

तुझं पत्र वाचून मी तशीच दुसरी सॅक शिवून दुकानाच्या दारात टांगली आणि खाली पाटी लावली: ‘परदेशात गाजलेली सॅक’. कॉलेजच्या दोन पोरांनी ऑर्डरसुद्धा दिली.

लवकर तळं बघ आणि ये. पाणी सगळीकडे सारखंच असतं.

मामा

१९ मार्च

मामा,

परवाना मिळाला! कारकुनाच्या तोंडून पहिल्यांदाच ‘उद्या’ सोडून दुसरा शब्द ऐकला, मला भरूनच आलं.

एकट्याने डोंगरात जायची परवानगी नाही, इथल्या कोणाला तरी सोबत यावं लागतं आणि ‘ही माझी पाहुणी’ म्हणून सही करावी लागते. लॉजवाल्या बाईंनी एक ड्रायव्हर गाठून दिला. वयाने तुझ्याएवढे असतील. मी त्यांना ड्रायव्हरदादा म्हणते, त्यांना त्याचा अर्थ कळला तेव्हा फार हसले. त्यांची जीप म्हणजे अर्धी लोखंडाची आणि अर्धी दोरीची आहे. पुढच्या काचेला गोळी लागल्याचं भोक आहे, त्यावर त्यांच्या मुलीने फुलाचं स्टिकर चिकटवलंय.

रस्त्याची सवय व्हावी म्हणून दोनदा जवळच्या गावापर्यंत जाऊन आलो. अंतर एवढंसं, पण अख्खा दिवस गेला. मधे चौक्या. उतरा, परवाना द्या, सॅक उघडा, मोजे, औषधं, आतले कपडे, सगळं रस्त्यावर मांडा, मग पुन्हा भरा, चढा आणि वळणापलीकडे पुन्हा उतरा. होते सगळ्यांचीच तपासणी, त्यात काही विशेष नाही. पण वैताग येतो मामा. परक्या सैनिकासमोर गुडघ्यावर बसून स्वतःचे मोजे गोळा करताना मला कसली हौस होती तेच आठवेना.

एक गंमत. काल ड्रायव्हरदादांनी सीटखालून गादीचा एक जुना अभ्रा काढला, पांढऱ्यावर लाल चौकडी असलेला, आणि सॅकवर चढवायला लागले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, धूळ, धूळ. मी म्हटलं, माझ्या मामाने शिवलेली आहे, तिला गादी कशाला करता! त्यांनी पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी अभ्रा घडी करून पुन्हा सीटखाली ठेवून दिला.

तुला विचारून सांगते म्हटलंय. काय करू?

भिंगरी

२२ मार्च

चि. भिंगरीस,

अभ्रा? माझ्या सॅकवर?

त्या ड्रायव्हरला सांग, हे कापड ट्रकवर ऊनपाऊस खातं, त्याला धुळीचं काय कौतुक! धूळ बसली तर झटकायची. अभ्रा चढवायचा असता तर मी रात्रंदिवस खपून तिहेरी टाका कशाला घातला असता? गादीच शिवून दिली असती. उद्या म्हणेल भाचीवरही अभ्रा चढव. मुळीच चढवू नकोस. माझं नाव सांग आणि ठामपणे नाही म्हण.

ताईला आता तुझा चेहरा बघत फोनवर बोलायचंय. मी म्हटलं, तिथे नेट नसतं. ती म्हणाली, “कंपनी कॉम्प्युटरची आणि नेट नसतं?” मी आजकाल दुकान उशिरा उघडतो, ती येऊन जाईपर्यंत. शेजारचा चांभार विचारतो, उधारी झाली की काय!

तुझ्या ड्रायव्हरदादांना माझा नमस्कार. माणूस चांगला दिसतो, फक्त शिलाईतलं कळत नाही.

मामा

११ एप्रिल

मामा,

एवढे दिवस पत्र नाही म्हणून तुझा जीव अर्धा झाला असेल. होऊ दे. मला आत्ता तुझी काळजी करायला वेळ नाही.

मी ठीक आहे. ड्रायव्हरदादा ठीक नाहीत. ते कोठडीत आहेत, माझ्यामुळे. आणि तुझ्यामुळे.

आधी मी खोटं लिहिलं होतं ते सांगते. तपासणी सगळ्यांची होत नव्हती. बाकीच्यांना हात हलवून सोडत होते आणि फक्त मला उतरवत होते, दर वेळी. मला वाटायचं परकी आहे म्हणून. आणि तू काळजी करशील म्हणून मी लिहिलं, सगळ्यांचीच होते.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दादांना ठामपणे नाही म्हटलं. तुझं नावही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही तळ्याकडे निघालो. तळ्याच्या अलीकडच्या शेवटच्या चौकीवर एक नवा अधिकारी होता. त्याने सॅक हातात घेतली, शिवण बघितली, पट्टा ओढून बघितला. अगदी तू बघतोस तसं. मी मूर्खासारखी खूश झाले. मग त्याने विचारलं, हे कापड कुठून आलं?

मेंदी रंग, मामा. डोंगरात जे लपून लढतात, त्यांच्या पाठीवर याच रंगाच्या पिशव्या असतात. इथे पोरंसोरंही तो रंग घालत नाहीत. भाजीची पिशवीसुद्धा त्या रंगाची नसते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ड्रायव्हरदादांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण पाहुणीला तोंडावर कसं सांगायचं, की बाई तू त्यांच्यातली दिसतेस? म्हणून ते बिचारे धूळ, धूळ करत राहिले.

मी म्हटलं, माझ्या मामाने शिवलीय. अधिकाऱ्याने विचारलं, तुझा मामा कोणासाठी शिवतो?

मला एका खोलीत पत्र्याच्या खुर्चीवर दुपारभर बसवलं. पलीकडच्या खोलीतून दादांचा आवाज येत होता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मला त्यातला एकच शब्द कळला, पाहुणी. मग आवाज यायचा थांबला. संध्याकाळी मला दुसऱ्या गाडीने परत पाठवलं. परदेशी पासपोर्टच्या माणसाला ठेवून घेतलं की कटकट होते. सही करणाऱ्याला ठेवून घेतलं की कोणी विचारत नाही.

तेव्हापासून रोज कचेरीत जाते. उद्या या, उद्या या. मी त्या खिडकीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलंय. बाकावर दादांची बायको बसलेली असते. पहिल्या दिवशी मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तिने सरकून मला जागा दिली. रोज देते. मला ते सहन होत नाही. तिने एकदा तरी ओरडावं असं वाटतं.

देशमोज्या म्हणाला, तू कशाला थांबतेस, हा त्यांचा आपसातला मामला आहे, इथे हे चालायचंच. त्याची बॅग भडक नारिंगी आहे. त्याला हे माहीत होतं, मामा! माझ्याशी रोज गप्पा मारल्या आणि बोलला नाही. वर मला म्हणतो, मला वाटलं तुला ठाऊक असेल. काल गेला पुढच्या देशाला.

आता नीट वाच. कारकुनाने अखेर सांगितलं, की मी कोण, काय करते, कापड कुठल्या बाजारातलं, असा जबाब माझ्या घरच्या माणसाने वकिलासमोर लिहून द्यायचा. तो आला की दादांचा कागद हलेल. मी म्हटलं, मामा देईल. तो म्हणाला, आई किंवा वडील. मामा चालत नाही, त्यांच्या कागदावर मामा नावाचा रकानाच नाही.

वडील कुठून आणू? म्हणजे आईच. माझा परवाना महिनाअखेर संपतो, त्यानंतर मला इथे थांबता येणार नाही.

सांग तिला. मी सांगायला हवं, पण फोन करायची सोय नाही. आणि असती तरी माझी हिंमत नाही.

भिंगरी

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,

सांगितलं.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि तडक ताईकडे गेलो. वाटेत तीन-चार सुरुवाती ठरवल्या होत्या. दार उघडल्यावर एकही आठवली नाही. मी म्हटलं, “ताई, ती ट्रेनिंगला नाही.” आणि पुढचं सगळं तसंच भडाभडा सांगितलं.

मला वाटलं, ओरडेल. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “तू माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास, आणि मी तुला चहा देत होते.” बास, एवढंच. मग विचारलं, “त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे?” मी म्हटलं, बायको आहे, एक मुलगी आहे. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, “वकील कुठे बसतो?”

जबाब तिने स्वतः लिहिला. मी कापडाच्या दुकानदाराला धरून नेला, त्याचीही सही घेतली. वकील म्हणाला, अर्ध्या पानात होईल. ताईने चार पानं लिहिली आणि एक शब्द काढू दिला नाही. ती माझ्याशी बोलत नाही. काय हवं ते वकिलाला सांगायची आणि वकील मला सांगायचा, मी शेजारीच बसलेलो असताना. सोबत जोडलंय. कारकुनाच्या डोक्यात घाल.

तू लिहिलंस, तुझ्यामुळे. मला झोंबलं. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. मी काय मुद्दाम केलं, मला काय स्वप्न पडलं होतं, असलं सगळं. पण एक गोष्ट काही केल्या गिळता येत नाही. तू विचारलं होतंस. काय करू, असं स्पष्ट विचारलं होतंस. तिथला माणूस तिथे उभा राहून सांगत होता, आणि मी इथे स्टुलावर बसून म्हटलं, त्याला कळत नाही.

पाटी काढली. पोरांच्या ऑर्डरी रद्द केल्या. दारातली सॅक उसवायला घेतली, तर माझाच टाका मला उसवेना. कात्रीने कापली.

ताईने तुला लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करतो:

“मी सही केली ती तुझ्यासाठी नाही, त्या माणसासाठी. तो सुटेपर्यंत तू त्या बाकावरून उठायचं नाहीस. तुझ्याशी काय बोलायचं ते तू घरी आल्यावर. आई.”

मामा

२९ एप्रिल

मामा,

ड्रायव्हरदादा सुटले.

एवढंच लिहून थांबावंसं वाटतं, पण पत्रात खोटं बोलायला कष्ट पडतात असं तूच म्हणाला होतास.

आईची चार पानं कारकुनाने घेतली, तोलून बघितली आणि म्हणाला, उद्या या. त्यानंतर कितीदा गेले त्याची गणती नाही. एकदा तर मी खिडकीवर मूठ आपटून मराठीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अख्खी रांग वळून बघायला लागली. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांना सगळं कळलं असावं. दादांच्या बायकोने माझा हात धरून मला खाली बसवलं.

परवाना संपायला थोडेच दिवस राहिले असताना त्यांना सोडलं. गेटमधून बाहेर आले तेव्हा मी बाकावरून उठले. त्यांनी मला बघितलं, मान किंचित झुकवली, आणि बायकोबरोबर निघून गेले. उजवा हात पोटाशी धरला होता. लॉजवाल्या बाई म्हणाल्या, तो आता खांद्याच्या वर जात नाही. जीप परत दिलेली नाही. त्या रस्त्यावर गाडी चालवायची परवानगीही काढून घेतलीय. त्यांना दुसरं काही काम येत नाही, मामा. मी त्यांच्या घरी जाते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, नको. परकी माणसं आली की शेजारी बघतात.

माझी सॅक मात्र परत मिळाली. मलाच! आत मोजेसुद्धा होते, घडी घालून. मला ती रस्त्यातच फेकून द्यावीशी वाटली, पण ती इथे कोणाच्या हाती लागली तर त्याचे हाल होतील. म्हणून फेकताही येईना. तिच्यासकट बस पकडायला गेले.

तळं? नाही बघितलं. त्याचं नावही काढू नकोस.

बसपाशी दादांची बायको आली होती. तिच्याबरोबर लॉजवाल्या बाई, भाषेसाठी. तिने शालीआडून तो अभ्रा काढला. लाल चौकडीचा. खाली बसली आणि माझ्या सॅकवर चढवला, चारी कोपरे ओढून, सगळी मेंदी झाकेपर्यंत. मग गाठ मारली. बाईंनी सांगितलं, सीमेपर्यंत अजून चौक्या आहेत, तुला कोणी उतरवू नये म्हणून.

मला रडू फुटलं. मी बाईंना म्हटलं, तिला सांगा, मी हा अभ्रा परत आणून देईन, स्वतः येऊन देईन.

त्यांनी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. मग बाईंशी दोन वाक्यं बोलली. बाई मला म्हणाल्या, “ती म्हणते, अभ्रा परत पाठव, घरात दोनच आहेत. पण पोस्टाने पाठव. तू येऊ नकोस.”

एकाही चौकीवर मला उतरवलं नाही. हात हलवून सोडलं.

भिंगरी

१८ मे

चि. भिंगरीस,

तू कामावर रुजू झालीस हे ताईकडून कळलं. म्हणजे ती माझ्याशी बोलली, पूर्ण एक वाक्य. मी लगेच उत्तर देऊन बिघडवलं नाही.

परवा नोकरीच्या गावी परत जाताना अभ्रा माझ्याकडे देऊन गेलीस. एक कोपरा उसवला होता, तेवढा शिवला. आधी हात लावावा की नाही ते कळेना, बराच वेळ तसाच घेऊन बसलो. मग साधा एकेरी टाका घातला, बाकीचा होता तसा. धुतला, इस्त्री केली. सोबत चिठ्ठी घालावी म्हणून लिहायला बसलो. आधी ‘माफ करा’ लिहिलं, मग वाटलं त्यांनी ते कोणाकडून वाचून घ्यायचं आणि शेजाऱ्यांनी बघायचं. फाडलं. ताई म्हणते, तिथल्या वाहतूक कचेरीला ती जीपबद्दल अर्ज पाठवणार आहे, उत्तर येईपर्यंत पाठवतच राहणार आहे. पाठवू दे. तिच्या चार पानांना मीही घाबरतो.

आज अभ्रा पोस्टात टाकला. खिडकीवरच्या माणसाने पाकीट दाबून बघितलं.

“आत काय?”

“गादीचा अभ्रा.”

त्याने पत्ता वाचला, देश वाचला, चष्मा वर केला. “एवढ्या लांब? तिथे अभ्रे मिळत नाहीत?”

मी म्हटलं, “त्यांचाच आहे. आमच्याकडे राहिला होता.”

मामा